कोपऱ्यातली खुर्ची

“ताई, तुम्ही इथं कोपऱ्यात बसा. पण एक सांगते, तोंडातून शब्द काढायचा नाही. ‘डावीकडं वळ’ नाही, ‘शाब्बास’ नाही, काही नाही. तुमचं तोंड उघडलं की माझी चाचणी वाया.”

“नाही बोलणार,” मी म्हटलं.

कंग्राळकर मॅडमनी मला खुर्ची दाखवली आणि भिंतीवरचं बटण हळूहळू फिरवलं. आधी खोलीचे कोपरे गेले, मग दाराची चौकट गेली, आणि शेवटी पंचमी-षष्ठीला अंगणात असतं तेवढं चांदणं उरलं. माझे डोळे सरावले तशी जमिनीवर अंथरलेली पांढरी चटई दिसायला लागली. चटईवर काळे बाण. बाणांच्या आजूबाजूला स्पंजचे ठोकळे, एका ठिकाणी बसकी पायरी, एका ठिकाणी वरून लोंबणारा थर्माकोलचा तुकडा. बाणाबाणानं चालायचं, कशाला धडकायचं नाही आणि तीन मिनिटांच्या आत टोकाला असलेल्या दाराला हात लावायचा, एवढंच काम. मी ते दोन मिनिटांत केलं असतं. चंदना सहा वर्षांची होती, आणि कमी उजेडात तिला दिसत नाही म्हणूनच आम्ही जयसिंगपूरहून बेंगळुरूला आलो होतो.

“चल बाळ,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं घड्याळ दाबलं.

चंदनाच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तिनं पहिल्या बाणावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. पहिल्या ठोकळ्यापुढं ती थांबली. आता धडकते, असं वाटून मी दोन्ही हात घट्ट आवळले. ती थांबली तशीच जरा वळली आणि बाजूनं गेली. पुढं चुकीच्या बाणाकडं तिचा पाय गेला, पण तिनं तो मागं घेतला. थर्माकोलखाली ती वाकली. पायरीला मात्र तिचा अंगठा ठेचला. मग सरळ दारापाशी गेली आणि दारावर थाप मारली.

“झालं?” तिनं विचारलं.

दिवा लागला. मी धावत जाऊन तिला उचललं. “अगं, कशी चाललीस तू! मॅडम, बघितलं नं?”

कंग्राळकर मॅडम कागदावर लिहीत होत्या. “दोन मिनिटं चाळीस,” त्या म्हणाल्या. “चूक एक.” त्यांनी वर बघितलं, पण त्या हसल्या नाहीत. त्या बेळगावकडच्या, आल्या दिवसापासून माझ्याशी मराठीत गप्पा मारणाऱ्या, चंदनाला रोज एक लिमलेटची गोळी देणाऱ्या. त्या दिवशी गोळी द्यायला विसरल्या.

चंदनाचा आजार उशिरा कळला, याला कारण आमचं घर. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत घरात सगळ्यांची जेवणं होतात, आणि लहान मुलं तर जेवली की झोपतात. संध्याकाळनंतर पोरीला काही दिसत नाही, हे कळणार कसं? तिला संध्याकाळनंतर कुठं जावंच लागायचं नाही. मला शंका होती. ती अंगावर पीत असताना माझ्या तोंडाकडं न बघता खिडकीकडं बघायची. पण शंका बोलून दाखवली की ती खरी होते असं मला वाटायचं. ती चार वर्षांची असताना इचलकरंजीला लग्नात मांडवातली वीज गेली. बाकीची पोरं ओरडत, दंगा करत पळत सुटली आणि चंदना होती तिथं दोन्ही हात पुढं करून उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. तिला त्याची सवय होती.

त्यानंतर मी तिच्या मागं दोन पावलांवर राहायला लागले. घरात, अंगणात, देवळात. तिला धरायचे नाही. धरलं तर लोक विचारतील. नुसती मागं असायचे. शाळेत घालताना तिला शिकवून ठेवलं होतं, “बाईंनी विचारलं दिसतं का, तर हो म्हणायचं.” ती सगळ्यांनाच हो म्हणायची.

तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आमच्या घराची वंशावळ काढली. माझा नवरा भरतेश हा माझा आतेभाऊ. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. लहानपणापासून मी त्याला भरत्या म्हणत आले, चारचौघांत तेवढं अहो. कागदावर माझ्या आजोबांपासून निघालेल्या दोन रेघा खाली येऊन चंदनापाशी पुन्हा एक झाल्या. डोळ्याच्या पडद्याला लागणारं एक द्रव्य शरीर बनवतं, ते कसं बनवायचं याची जी लिहिलेली आज्ञा असते, तिच्यात एक अक्षर चुकलेलं. एक चुकीची प्रत माझ्याकडून, एक भरतेशकडून. एकच असती तर काही झालं नसतं.

आणि उपाय होता तो असा, की एक विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटातलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकायचं, तिथं ती आज्ञा बरोबर लिहून भरायची आणि बारीक सुईनं डोळ्याच्या पडद्याखाली सोडायचं. तो पेशींत शिरतो, कारण शिरणं एवढंच त्याला येतं. मी बी.एस्सी. झालेली, मला हे समजलं. आत्याला समजावताना माझी त्रेधा उडाली.

“विषाणू? डोळ्यात? तापाचा असतो तसला?” ती म्हणाली. “आणि जीव असतो का गं त्यात? मरतो का तो?”

भरतेशची गुलाबाच्या रोपांची नर्सरी आहे. तो म्हणाला, “आई, आपण काय करतो? जंगली गुलाबाचा खुंट घेतो. त्याला काटे, त्याला फूल धड नाही. पण मुळ्या कशा धरतो? मग त्याची साल चिरून आपल्याला पाहिजे त्या गुलाबाचा डोळा भरतो. खुंट जंगलीच, पण फूल आपलं. हे तसंच. विषाणू म्हणजे खुंट. डोळा भरायचा, बस्स.”

“डोळ्यात डोळा भरायचा,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मीच तुला मागून घेतली गं दादाकडून. दुसरीकडं दिली असती तर...”

“तर तुमच्या हातची कटाची आमटी बंद झाली असती माझी,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

हे उपचार तेव्हा चाचणीच्या पातळीवर होते. औषध आठ मुलांपुरतं होतं. सात मुलं ठरली होती.

दुपारी डॉक्टर चिन्नप्पांनी आम्हाला आत बोलावलं. उंच, पांढऱ्या केसांचे, हिंदीत सावकाश बोलायचे. त्यांच्यापुढं चंदनाचे कागद दोन गठ्ठ्यांत ठेवलेले होते.

“आई-बाबा, माझी एक अडचण झाली आहे,” ते म्हणाले. “हा पडद्याचा आलेख. अंधारात पडदा काही सांगत नाही, सरळ रेघ आहे. आणि ही आजची चाचणी. मुलगी चांदण्याएवढ्या उजेडात चालून गेली. पडदा म्हणतो दिसत नाही, मुलगी म्हणते दिसतं. मी कुणाचं ऐकू?”

“म्हणजे दिसतं नं थोडं?” मी म्हटलं. “चांगलंच आहे की.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना माझी कीव आली हे मला दिसलं.

“ज्या मुलाला इतक्या कमी उजेडात चालता येतं, त्याला आम्ही औषध देऊ शकत नाही. नियम आहे. ऑपरेशनला धोका असतो, डोळ्याला इजा होऊ शकते. ज्याला दिसतं त्याचा डोळा आम्ही कशासाठी उघडायचा?”

“आणि नाही दिलं तर?” भरतेशनं विचारलं.

“पडद्यातल्या पेशी आज जिवंत आहेत. उपाशी आहेत, पण जिवंत. अजून काही वर्षांनी त्या नसतील. मग औषध आलं तरी ते कुणाला द्यायचं?” त्यांनी दोन्ही गठ्ठे एकमेकांवर ठेवले. “उद्या सकाळी पुन्हा एकदा चाचणी घेऊ. उद्या दुपारी आठव्या मुलाचं नाव पाठवायचं आहे. उद्या पास झाली, तर मला दुसऱ्या मुलाचं नाव लिहावं लागेल.”

बाहेर आल्यावर भरतेश म्हणाला, “पास झाली म्हणून नापास. असलं कुठं ऐकलंय का त्रिशला?”

दवाखान्यामागच्या लॉजमध्ये आमची खोली होती, दिवसाही अंधारी. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून आम्ही साडेपाचलाच डबा उघडला. चंदना दही-भाताचं आळं करून त्यात लोणच्याची फोड शोधत होती. तिचं बोट फोडीला लागलं तेव्हा ती म्हणाली, “दिसली.” ती हातानं सापडलेल्या वस्तूला दिसली म्हणायची. आम्ही कधी सुधारलं नव्हतं.

“चंदू,” भरतेशनं तिला विचारलं, “सकाळी बाण दिसले तुला?”

“हो.”

“ठोकळे?”

“हो.”

“आणि आता ह्या खोलीत पंख्याला किती पाती आहेत?”

चंदनानं वर तोंड केलं. मग माझ्या बाजूला मान वळवली. मी काही बोलले नाही. “चार,” ती म्हणाली. तीन होती.

ती हात धुवायला गेली तेव्हा भरतेश माझ्याजवळ सरकला. “तिला सांग.”

“काय?”

“उद्या दोन-तीन ठोकळ्यांना धडक म्हणावं. पायरीवरनं पड. सहा वर्षांची पोर, खेळ म्हणून करेल.”

“भरत्या, हे खोटं आहे.”

“खोटं कुठलं? तिला दिसत नाही हे खरं आहे का नाही? तो पंखा बघ. खरं आहे तेच त्यांना कळू दे म्हणतोय मी. शाळेत घालताना तू शिकवलंसच की तिला हो म्हणायला. ते चाललं?”

मी डब्याला झाकण लावत राहिले. झाकण बसेना. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि लावलं.

“आणि खरंच दिसत असेल तर?” मी म्हटलं. “थोडंसं. आपल्याला कळत नाही एवढं. आणि ते सुई घालून तेवढंही गेलं तर?”

तो पुढं होऊन खिडकीत उभा राहिला.

मी चंदनाची वेणी सोडायला बसले. तिचे केस दाट, गुंता फार. मी गुंता काढता काढता म्हटलं, “उद्या परत त्या खोलीत चालायचंय हं.”

“माहितीय.”

“उद्या... धडकलीस तरी चालेल.”

तिची मान ताठ झाली. “का?”

“असंच. चालेल म्हणजे चालेल. कुणी रागावणार नाही.”

“मग तू घाबरशील की,” ती म्हणाली.

“मी नाही घाबरत.”

“घाबरतेस,” ती म्हणाली, आणि मला ते लहान मुलाचं बोलणं वाटलं. दोन वर्षं जिला मी धडकू नकोस एवढंच शिकवलं, तिला आता धडक म्हणून कसं सांगायचं, याचं वाक्यच मला सापडलं नाही. मी वेणी घातली.

सकाळी चाचणीच्या आधी डोळे अंधाराला सरावावेत म्हणून पाऊण तास अंधाऱ्या खोलीत बसायचं असे. चंदना माझ्या मांडीवर. कंग्राळकर मॅडम शेजारी.

“मॅडम, रात्री स्वप्नात काय दिसलं सांगू?” चंदना म्हणाली.

“सांग की.”

“लिमलेटची गोळी. तुम्ही काल दिली नाही ती.”

“अगं बया! राहिली होय? आज दोन देते. पण चालून झाल्यावर.” मॅडम हसल्या आणि मग हळूच मला म्हणाल्या, “ताई, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्यात पालकांना आत बसवत नाहीत खरं तर. ही तुम्हाला सोडून येईना म्हणून मी डॉक्टरांना विचारून खुर्ची ठेवली. काल तुम्ही चिडीचूप होता, मी बघितलं. आजही तसंच.”

“हो.”

आज चटई वेगळी होती. बाणांचा रस्ता वेगळा, ठोकळे वेगळ्या जागी. डोळ्यावर पट्टी, तेच चांदणं, मॅडमच्या हातात घड्याळ. मी कोपऱ्यात बसले. रात्रभर ठरवलं होतं की आज नीट बघायचं. ती काय करते ते नाही, कसं करते ते.

चंदना निघाली. तीन बाण नीट गेली. चौथ्याच्या पुढं उजव्या हाताला गुडघ्याएवढा ठोकळा होता आणि ती सरळ त्याच्यावर चालली होती. एक पाऊल, अजून एक. ती थांबली. आणि मला दिसलं की तिचं तोंड ठोकळ्याकडं नाही. तिचं तोंड कशाकडंच नाही. तिनं मान तिरकी केली होती आणि तिचा डावा कान माझ्या खुर्चीकडं होता.

ती डावीकडं वळली आणि ठोकळा चुकवून गेली.

माझ्या छातीत कोंडलेला श्वास सुटला. तो सुटला म्हणून मला कळलं की मी तो आत ओढला होता. दातांमधून, पोळलं की ओढतो तसा. मला स्वतःला तो जेमतेम ऐकू आला असता.

पुढच्या वळणावर तिनं चुकीच्या बाणावर पाय उचलला. या वेळी मी ओठ मिटले आणि श्वास धरून ठेवला. आत नाही, बाहेर नाही.

चंदनाचा पाय हवेतच राहिला. तिनं तो खाली टेकवला, पण पुढं गेली नाही. कान माझ्याकडं करून ती वाट बघत उभी राहिली. अंगणात, देवळाच्या पायऱ्यांवर, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी ती अशीच क्षणभर उभी राहायची आणि मग बरोबर पाऊल टाकायची, आणि मी मनात म्हणायचे, दिसतं हो हिला थोडं.

“आई?” ती म्हणाली.

मी उठले. खुर्चीचा पाय फरशीवर वाजला.

“ताई!” मॅडम कुजबुजल्या.

“मॅडम, मी बाहेर जाते,” मी म्हटलं. “चटई बदला आणि पहिल्यापासून घ्या. मी नसताना.”

“ती रडेल हो.”

“घ्या,” मी म्हटलं आणि अंधारात चाचपडत दार शोधून बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर भरतेश बसला होता. उजेड एवढा की डोळ्यांत पाणी आलं. “काय झालं? संपलं?” तो म्हणाला. मी त्याला हातानं थांबवलं आणि दाराशी उभी राहिले. आत काहीतरी सरकवल्याचे आवाज, मग मॅडमचा आवाज, “चंदना, आई बाहेर आहे बाळ. तू चाल.” मग काही नाही.

मग पहिला आवाज आला. स्पंजचा ठोकळा पडला की मोठा आवाज होत नाही, उशी पडल्यासारखा होतो.

“आई?”

दुसरा. लगेच तिसरा. मग पायरी, तो लाकडाचा आवाज होता, आणि तिच्या तोंडून “आय” असं.

“आई, कुठंयस तू?”

भरतेश उठला. मी त्याचं मनगट धरलं. त्यानं ओढून बघितलं, पण मी सोडलं नाही. त्याच्या मनगटावर माझी नखं उठली होती, ती त्यानं मला दोन दिवसांनी दाखवली.

“काल तर नीट चालली होती,” तो म्हणाला. “त्रिशला, काय केलंस तू? सांगितलंस तिला?”

“नाही.”

“मग?”

आत थर्माकोल फुटल्याचा आवाज आला. “आई, बोल की!” चंदना ओरडली. दारापासून मी हातभर लांब होते. एक श्वास पुरला असता. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि कपाळ भिंतीला टेकलं. आतून मॅडम म्हणत होत्या, “चालत राहा बाळ, चालत राहा,” पण पावलांचा आवाज थांबला होता. ती चटईच्या मध्यावर खाली बसली होती, हे मला नंतर कळलं. तीन मिनिटं संपली तरी ती तिथंच होती.

दार उघडलं. चंदना बाहेर आली ती मॅडमच्या हाताला धरून. नडगीवर लाल वळ. मी हाक मारली, पण माझा आवाज जिकडून आला त्याच्या उलट बाजूला ती गेली, भरतेशचा पाय सापडला तसा त्याला मिठी मारली आणि त्याच्या विजारीत तोंड खुपसलं.

डॉक्टर चिन्नप्पा आले. त्यांनी मॅडमच्या हातातला कागद वाचला, मग ते चंदनापुढं उकिडवे बसले. “काय झालं बेटा?”

मॅडमनी मराठीत विचारलं. चंदनानं तोंड न काढताच उत्तर दिलं.

“काय म्हणते?”

कंग्राळकर मॅडमना ते हिंदीत सांगायला वेळ लागला. “सर, ती म्हणते, आई बाहेर गेली आणि मग मला दिसायचं बंद झालं.”

डॉक्टर उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. कालची चाचणी खोटी धरा म्हटलं, आजची पहिली अर्धीही. मुलीनं काही फसवलं नाही, मी फसवलं नाही, पण फसवणूक झाली. माझं हिंदी त्या वेळी फार वाईट होतं आणि रडण्यात ते अजून बिघडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मॅडमना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, आणि मॅडम आत गेल्या आणि कोपऱ्यातली खुर्ची उचलून बाहेर बोळात आणून ठेवली.

“बसा,” डॉक्टर मला म्हणाले. “आता ही इथंच राहील.”

बारा वाजता आठवं नाव गेलं.

चंदना संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दोन्ही लिमलेटच्या गोळ्या तिनं खाल्ल्या, एकही मला दिली नाही. शेवटी मीच विचारलं, “चंदू, मी कसं करते गं? तुला कसं कळतं?”

तिनं दातांमधून श्वास आत ओढला, स्स्. “हे चूक असलं की.” मग नाकातून हळू सोडला. “हे बरोबर असलं की.” आणि मग ओठ घट्ट मिटून, हुबेहूब माझ्यासारखी, बसून राहिली. “हे आजी ‘दिसतं का’ विचारते तेव्हा.”

भरतेशला हसू फुटलं. मग त्यानं तोंड फिरवलं.

ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं. आत जाताना ती नर्सचं बोट धरून गेली, मागं वळून मला हाक मारली नाही. मी दाराबाहेर श्वास सावकाश घ्यायची सवय करत बसले. नंतर तिला एक दिवस उताणं निजवून ठेवायचं होतं, ते भरतेशनं केलं. गोष्टी सांगून, पायाला गुदगुल्या करून. दुसरा डोळा महिन्याभरानं केला.

घरी सोडताना डॉक्टरांनी एकच तंबी दिली. “दिसतंय का, असं तिला विचारायचं नाही. तुम्हाला जे ऐकायचं आहे ते ती सांगेल. ती तुमच्यापेक्षा हुशार आहे. डोळा काम करायला लागला, तरी बघायचं कसं हे तिच्या मेंदूला शिकायला लागेल. वाट बघा.”

वाट बघणं मला येत नाही. आता चंदना चौदा वर्षांची आहे, अजून तिला मोठ्या अक्षरांची पुस्तकं लागतात आणि फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून उतरून घ्यावं लागतं. क्लासहून ती दिवेलागणीला एकटी चालत येते. ती येईपर्यंत मी अजून दारात उभी असते. पण त्या दिवसांतलं वाट बघणं वेगळंच होतं. गल्लीत कुणी तिला दोन बोटं दाखवून ‘किती?’ विचारलं की मी भांडायला उठायचे. घरात सगळ्यांना मी बजावून ठेवलं होतं. आत्यानं तर चंदना समोर आली की डोळे मिटून माळ ओढायला सुरुवात केली, तोंडातून प्रश्न निघू नये म्हणून.

दुसऱ्या डोळ्यानंतर सहा-सात आठवडे झाले असतील. नर्सरीच्या शेडमध्ये आम्ही तिघं होतो. भरतेश खुंटांवर डोळे बांधत बसला होता, प्लॅस्टिकची बारीक पट्टी गुंडाळून. मी पिशव्यांत माती भरत होते. चंदना समोरच्या उपड्या बादलीवर बसून पाय हलवत होती. सूर्य मावळून गेला होता. दिवा लावायला उठायचा कंटाळा म्हणून कुणी उठलं नाही, आणि बघता बघता शेडमध्ये रोपांच्या रांगा एकात एक मिसळल्या.

भरतेशचे हात थांबले. त्यानं चंदनाकडं बघितलं, बराच वेळ. मग त्यानं तोंड उघडलं. तो काय विचारणार ते मला कळलं. मी त्याच्याकडं बघून डोळे मोठे केले. नुसते डोळे. हात मातीत तसेच, ओठ मिटलेले, श्वाससुद्धा जागच्या जागी. ते मला एव्हाना जमायला लागलं होतं. भरतेशनं तोंड मिटलं.

बादलीवरचे पाय हलायचे थांबले.

“आई,” चंदना म्हणाली, “बाबांवर डोळे का वटारलेस?”

भरतेशच्या बोटांतली पट्टी उलगडत खाली लोंबायला लागली.

“सांग की,” ती म्हणाली. “काय केलं त्यांनी?”